मागच्या चाकांचा जोर

मिल बंद पडली तेव्हा बाबा तिथे फिटर होते. आम्ही सुदामा नगरात दोन खोल्यांत आलो आणि बाबांना मल्हारगंजातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये राखणदाराचं काम मिळालं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. रविवारी क्लास रिकामा असे, तेव्हा तिथले सर मला आणि माझ्या मित्राला मशीनवर बसू देत. मित्र मिलच्या चाळीतला, आम्ही तिथे राहायचो तेव्हा आमच्या भिंतीपलीकडचा. त्याचे वडीलही मिलमध्येच होते आणि अजून घरीच बसून होते.

आम्ही गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचो. त्यातल्या चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या सुटायच्या झकास, पण वळणावर स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक बाहेरच जायचं. मागच्या चाकांवर पळणारी गाडी शेपूट बाहेर टाकून वळते, तशी यातली एक गाडी वळवायचीच, असं मी मनावर घेतलं. एकदा बाबा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "पुढच्या चाकांनी ओढायचं पण आणि वळायचं पण? त्यांना एकच काम दे ना."

गेममध्ये जोर पुढे-मागे वाटता यायचा. मी तो मागे सरकवत नेला, पुढच्या स्प्रिंगा नरम केल्या, मागच्या कडक. सुरुवातीला गाडी नुसती गरगरायची. कितीतरी रविवार गेल्यावर ती बोटाच्या इशाऱ्यावर वळू लागली. आकडे वहीत उतरवायचं काम मित्राचं.

मग राजवाड्याजवळ कॉम्प्युटरचं नवं दुकान उघडलं. मालकानं स्पर्धा ठेवली. जिंकेल त्याला दुकानात नोकरी. आम्ही दोघांनीही नाव दिलं. प्रत्येकानं आपली गाडी फ्लॉपीवर आणून द्यायची. मित्र म्हणाला, "तुझी दे, मैं जमा करवा दूँगा. तुला दोन चकरा नकोत."

मी दिली.

एकेकानं घड्याळ लावून गाडी पळवायची होती. पहिल्याच वळणावर माझी गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, मोड़ना भी पड़ता है," आणि सगळे हसले. पुढच्या वळणावर तेच. मला वाटलं, माझेच हात चुकतायत. मग मित्र बसला. त्याची गाडी किंचित शेपूट टाकून वळणात शिरली आणि ती चाल मी लगेच ओळखली. तो पहिला आल्यावर मी माझी फाइल उघडून पाहिली. अर्धा जोर पुन्हा पुढच्या चाकांवर होता.

त्याला मी दुकानाच्या पायरीवर गाठलं.

"तू बदललंस?"

त्यानं मान वर केली नाही. "तुझ्या बाबांना काम मिळालं ना. आमच्याकडे कुणालाच नाही."

"मग मागायचं होतंस. मी उतरलेच नसते."

"नसतं सोडलंस तू."

सोडलं असतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण ते ठरवायची वेळच त्यानं माझ्यावर येऊ दिली नाही.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते चप्पल घालून माझ्याबरोबर दुकानात येतील. पण ते म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. त्याचं काम जाईल." त्या संध्याकाळी मला मित्रापेक्षा बाबांचा राग जास्त आला.

पंधरा दिवसांनी तो मिठाई घेऊन आला. आईनं त्याला चहा दिला. आतल्या खोलीत बसून मी ऐकत होते. तो तिला दुकानातल्या पंख्याबद्दल, मालकाबद्दल सांगत होता. जाताना त्यानं विचारलं, "ती आहे का घरात?"

आई म्हणाली, "आहे."

मी बाहेर गेले नाही.