खंडेनवमीचा ओढा

विट्याहून कराडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा कारखाना होता. परदेशातली एक खेळाच्या कपड्यांची कंपनी आमच्याकडून टी-शर्ट आणि ट्रॅकपँट करून घेई. नव्वदच्या दशकात त्या कंपनीला एकाएकी निसर्गाचा पुळका आला आणि तिच्या आग्रहाखातर मी पर्यावरण अधिकारी झालो. खुर्ची मिळाली, दारावर पाटी लागली. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. मी दाखवायचा होतो.

रंगखात्याचं पाणी मागच्या ओढ्यात जाई. ओढ्याकाठच्या वस्तीवर माझी थोरली बहीण दिलेली. परदेशात यंदा कुठला रंग चालतो हे त्या वस्तीला आमच्या साहेबांच्या आधी कळे. मग अक्काच्या प्यायच्या विहिरीलाच वास येऊ लागला. ती म्हणाली, "तू हाईस की तितं. बघ कायतरी." मी पाणी शुद्ध करायच्या टाक्यांची मागणी केली. कंपनीने कळवलं, आमचा माणूस येऊन ओढा बघेल, मग ठरवू.

साहेबांनी त्याला नेमकं खंडेनवमीला बोलावलं. त्या दिवशी आपल्याकडे यंत्रं बंद ठेवून पूजतात. त्या वर्षी रंगखातं चांगलं चार दिवस आधीच बंद झालं. यंत्रांवरची भक्ती एवढी उतू गेलेली मी कधी पाहिली नव्हती.

पाहुण्याने झेंडूच्या माळा घातलेल्या यंत्रांचे फोटो काढले, हौसेने गंध लावून घेतलं. ओढ्याकडे जाताना मी साहेबांदेखत त्याला सांगितलं, रंगखातं बंद आहे म्हणून पाणी असं आहे, वस्तीवरची विहीर बघा. तो म्हणाला, माझ्याकडे आजचाच दिवस आहे; दिसेल ते लिहीन.

ओढा नितळ वाहत होता आणि ओढ्यात वस्तीवरच्या झाडून सगळ्या बायका होत्या. घट बसायच्या आधी घरातल्या वाकळा-गोधड्या धुवायच्या, ही आमच्याकडची रीत. त्या वर्षी पाणी लाल असल्याने ते धुणं राहून गेलं होतं. पाणी निवळलेलं बघून बायकांनी घरं रिकामी केली होती. अक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून वाकळ पिळत होती. मला बघून ओरडली, "आरं, टाक्या झाल्या व्हय? लय ग्वाड पानी आलंय!"

काय म्हणते, असं पाहुण्याने विचारलं. साहेब माझ्याआधी बोलले, "पाणी गोड आहे म्हणते." पाहुण्याने हसून अक्काचा फोटो काढला. मला राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. मी उन्हात उभा होतो आणि घाम येत होता, एवढंच कळत होतं.

टाक्या नामंजूर झाल्या. दसऱ्यानंतर ओढा निळा झाला. काही महिन्यांनी कंपनीच्या पर्यावरण धोरणाची गुळगुळीत पुस्तिका आली. पहिल्याच पानावर वाकळ पिळणारी, हसणारी अक्का होती.

ती पुस्तिका मी अक्काला नेऊन दाखवली. पदराला हात पुसून तिने पान हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली. "माजा फोटू कवा कुनी काडलाच न्हवता रं," ती म्हणाली. टाक्यांचं काही विचारलं नाही. मग कळशी उचलून ती रस्त्यापलीकडच्या बोअरकडे पाण्याला निघाली; विहिरीचं आता कुणी पीत नव्हतं.

कळशी घ्यायला मी हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुज्या कारखान्याची मानसं बगतील. नोकरी जायाची तुजी."

मी हात मागे घेतला.