सहाव्या विषयावरचा विरोध

मी एका मोठ्या कंपनीत कंपनी सेक्रेटरी आहे. लोकांना वाटतं मी साहेबांचे फोन घेते आणि पत्रं टाइप करते. समजावून सांगणं मी कधीच सोडून दिलं. संचालक मंडळाच्या सभा कायद्याप्रमाणे होतात की नाही ते बघायचं आणि तिथं काय ठरलं ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. त्या लिखाणाला आम्ही मिनिट्स म्हणतो. एकदा ती वहीत चढली की बदलता येत नाहीत. जे वहीत नाही, ते घडलंच नाही असं धरतात.

आमच्याकडे मिनिट्स सभेच्या आधीच तयार होतात. यात लपवण्यासारखं काही नाही, इतर कंपन्यांतल्या माझ्या मैत्रिणीही हेच करतात. विषय ठरलेले असतात, ठराव वकिलांनी तपासलेले असतात. मी आदल्या दिवशीच प्रत्येक ठरावाखाली 'चर्चेनंतर सर्वानुमते मंजूर' असं टाइप करते. सभेनंतर कोण गैरहजर होतं आणि किती वाजता संपली, एवढंच भरायचं. इतक्या वर्षांत ती ओळ एकदाही खोडावी लागली नव्हती.

त्या दिवशी सहावा विषय हेब्बाळच्या इमारतीचा होता. आमचं मुख्य ऑफिस राजाजीनगरातून तिकडे न्यायचं होतं, आणि भाड्यानं घ्यायची इमारत चेअरमनच्या मुलाची होती. कंपनी चेअरमनच्या वडिलांनी काढली, पण आता ती शेअरबाजारात आहे. काही शेअर चेअरमनकडे, काही त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, बाकीचे म्युच्युअल फंडांकडे आणि सामान्य लोकांकडे. वडील गेल्यापासून बहीण-भावाचं पटत नाही. तिला मंडळावर घेतलेलं नाही.

नियमाप्रमाणे चेअरमन त्या विषयापुरते बाहेर गेले. बाहेर म्हणजे काचेच्या पलीकडे. हातात कॉफी घेऊन ते आत कोण बोलतंय ते बघत उभे राहिले. बोलत होते प्रोफेसर. हे आमचे स्वतंत्र संचालक, म्हणजे घराण्याशी काही संबंध नसलेले. मूळचे बेळगावकडचे, निवृत्त, आवाज बारीक.

"दुसऱ्या किती इमारती पाहिल्या?" त्यांनी विचारलं.

एकानं फाइल त्यांच्याकडे सरकवली.

"भाडं योग्य आहे असं सांगणारा माणूस कुणी निवडला?"

"सर, सगळं फाइलमध्ये आहे," एक जण म्हणाले.

"फाइल वाचूनच विचारतोय. माझा विरोध आहे. तसा नोंदवा."

बाकीच्यांनी हात वर केले, ठराव मंजूर झाला. चेअरमन आत आले आणि त्यांनी सातवा विषय घेतला.

आमची सभा इंग्रजीत चालते. चेअरमन मला चारचौघांत मॅडम म्हणतात. त्यांचं आणि माझं घराणं दोन्ही इथं कानडी मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी, पण ही गोष्ट त्यांना एरवी आठवत नाही. काम नियमात बसणारं नसलं की आठवते. त्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "बस अक्का." तेव्हाच मी ओळखलं.

"प्रोफेसरांनी शंका विचारली. शंका वेगळी, विरोध वेगळा."

"त्यांनी 'विरोध' हाच शब्द वापरला, सर."

"म्हातारा माणूस, बोलला रागाच्या भरात. स्वल्प सांभाळून घे की. तुझे वडील असते तर एका शब्दावर केलं असतं."

"माझे वडील बँकेत होते, सर. एका शब्दावर ते चहासुद्धा प्यायचे नाहीत."

ते हसले. मीही हसले, आणि "बघते" म्हणून बाहेर आले. इथंच चुकलं. 'बघते' म्हणजे काय, हे मी माझं मलाही सांगितलं नाही. पुढचे दिवस ऑडिटच्या गडबडीत गेले. कच्ची मिनिट्स सगळ्या संचालकांना गेली, ती आदल्या दिवशीच्या ओळीसकट. मी विसरले होते, असं म्हणायला मला आवडेल. अर्धं खरंही आहे.

प्रोफेसरांचा फोन आला. "बाई, मी बोलत होतो तेव्हा तुम्ही मान खाली घालून लिहीत होता. काय लिहीत होता? भाजीची यादी?"

मी ओळ बदलली, त्यांचा विरोध त्यांच्याच शब्दांत घातला आणि पानं वहीत लावली. पुढच्या सभेत चेअरमननी प्रत्येक पानावर सही केली. सहाव्या विषयाच्या पानावर थोडे थांबले. "सरी, मॅडम," म्हणजे ठीक आहे, एवढंच कानडीत म्हणाले. त्यानंतर मी पुन्हा अक्का झाले नाही.

मला वाटलं, काम झालं. झालं नव्हतं. ठराव अजून भागधारकांच्या मतदानाला जायचा होता. असल्या ठरावात मालकाच्या घरच्यांना बाजूनं मत देता येत नाही, त्यामुळे निकाल फंडांच्या हातात होता. मंडळातल्याच एका स्वतंत्र माणसाचा विरोध आहे हे त्यांना कळलं असतं, तर ते नक्की बिचकले असते. पण संचालक मंडळाची मिनिट्स भागधारकांना बघता येत नाहीत. म्हणजे विरोध वहीत होता आणि वही माझ्या कपाटात होती.

रविवारी चेअरमनची बहीण माझ्या घरी आली. आल्या आल्या स्वयंपाकघरातच खुर्ची ओढून बसली.

"आत कुणी विरोध केला का गं?"

"सांगता येणार नाही."

"केला नाही, की सांगता येणार नाही?"

"सांगता येणार नाही."

"तू कुणाची माणूस?"

"कंपनीची."

"कंपनी म्हणजे अण्णा!" भावाला ती अण्णा म्हणते.

"तुमचेही शेअर आहेत की."

"हो, भिंतीवर फ्रेम करून लावायला," ती म्हणाली. मी तिच्यासमोर उप्पीट ठेवलं. तिनं ते चांगलं खाल्लं, पण जाताना माझ्याशी बोलली नाही.

आठवड्याभरात प्रोफेसरांनी राजीनामा द्यायचं ठरवलं. त्यांची मुदत वाढवणार नाही असं त्यांना कुणीतरी आडून कळवलं होतं, आणि चेअरमन समोर आले तरी नमस्कार करत नव्हते. मला मात्र वाट दिसली. स्वतंत्र संचालक गेला की त्याचं पत्र, कारणासकट, शेअरबाजाराला जसंच्या तसं कळवावं लागतं. ते सगळ्यांना वाचता येतं. मी त्यांना फोन केला.

"कारण लिहायचं असतं, सर."

"खरं लिहिलं तर तुम्ही छापाल?"

"छापावंच लागेल. मला काना-मात्रा बदलता येत नाही. पण लिहायचं तुम्ही."

"कळवतो," ते म्हणाले.

पत्र संध्याकाळी आलं. वाढत्या वयामुळे प्रवास झेपत नाही, याखेरीज दुसरं कोणतंही महत्त्वाचं कारण नाही. खाली सुबक सही. मी ते दोनदा वाचलं. भाजीच्या यादीवरून मला टोचणारा हाच माणूस. मीटिंगला ते गाडीनं यायचे, गाडी कंपनीची असायची.

मी पत्र मुदतीत शेअरबाजाराच्या साइटवर चढवलं. पुढं मतदान झालं. फंडांनी बाजूनं मत दिलं, सुट्या भागधारकांपैकी बहुतेकांनी मतच दिलं नाही, बहिणीनं विरुद्ध दिलं. ठराव आरामात मंजूर झाला.

निकालाच्या दिवशी तिचा फोन आला. "म्हातारा का गेला गं?"

"वय झालं, असं लिहिलंय."

"आणि तू ते छापलंस?"

"हो," मी म्हटलं. "त्यांनी तेवढंच लिहिलं होतं."