मामूंचा डावा बूट

मामूंइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेल कारखान्यात ते टेलिफोन एक्स्चेंज सांभाळत. सारं आयुष्य तारांत गेलं, तरी तारेला हात लावण्याआधी काहीतरी पुटपुटत. 'सगळं ओके' म्हणणाऱ्यावर तर त्यांचा मुळीच विश्वास नसे. "ओके ऱ्हाऊ दे बेटा, काय बघितलंस ते सांग," म्हणायचे.

मी त्यांच्या हाताखाली नवी होते. बॉयलरमधल्या वाफेच्या दाबाचा आकडा टेलिफोनच्याच तारेवरून, मोडेममार्फत, ऑफिसातल्या स्क्रीनवर येई. दाब वाढला की आम्ही बॉयलरवाल्या सिद्धप्पाला फोन करायचा. मोडेम तपासताना त्यात लूपची पिन घालतात. मग मशीनने पाठवलेला आकडा मशीनलाच परत मिळतो. मशीन ठीक आहे एवढं कळतं, बॉयलरचं काही कळत नाही. म्हणून पिन काढायला विसरू नये, यासाठी ती घातली की मामू डावा बूट काढून मोडेमपुढे ठेवत आणि ती निघेपर्यंत एकाच बुटावर फिरत. मलाही एक चप्पल काढायला लावत. "लोक हसू देत की. हसण्यानं बॉयलर फुटत न्हाय."

एके दुपारी मी तपासणीसाठी पिन घातली, तेव्हा ऑफिसात पाहुणे आले होते. एका चपलेवर लंगडत फिरायची मला लाज वाटली. चप्पल पायातच राहिली, आणि पिन मोडेममध्ये.

मामू जेवून आले ते स्क्रीनपाशी थबकले. "आकडा कवापास्नं हलला न्हाय?" ते तसेच बॉयलरकडे धावले. मी सिद्धप्पाला फोन लावला, कोणी उचलेना. मग पिन उपसली. खरा आकडा आला, तो लाल रेषेच्या वर होता आणि मामू तिकडेच धावत होते. आकडा आणखी चढला. थांबला. मग हळूहळू उतरू लागला, तेव्हा मला रडू फुटलं.

फोन वाजला. "वाफ सोडली. सिद्धप्पा बरा हाय. तू पानी पी."

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, पिन कोणी ठेवली? माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मामू म्हणाले, "माझ्याकडनं ऱ्हायली, साहेब."

"वय झालं तुमचं," साहेब म्हणाले आणि महिनाअखेरीस त्यांना घरी बसवलं. मी गप्प राहिले. नोकरी जाईल म्हणून मी भ्याले होते, आणि पुढचे सगळे दिवस भीतच राहिले.

जाताना मामूंनी चाव्या माझ्या हातात दिल्या.

आता एक्स्चेंज मीच सांभाळते. मामूंच्या गल्लीवरून जायची वेळ आली, की मी अजून रस्ता बदलते.