सहाशेवर स्कॅन केलेला फोटो

बायको शिकवत होती ती मराठी शाळा मुलांअभावी बंद होणार होती. दिलसुखनगरात तेव्हा नव्या नव्या कॉम्प्युटर संस्था निघत होत्या. त्यांतल्या एकीत स्लाइड बनवायला शिकवणारा माणूस हवा होता. तिला पाऊण तासाचा नमुना पाठ द्यायचा होता. विषय तिने दख्खनचे खडक घेतला. स्लाइडमागे आमच्याकडचा खडकांचा आठ बाय सहा इंची फोटो.

तो स्कॅन केला तिच्या थोरल्या भावाने. नल्लकुंट्यात त्याची लग्नपत्रिकांची प्रेस. मी म्हणालो, इंचाला शंभर ठिपक्यांवर करा.

"दाजी, शंभरवर पत्रिकेतला गणपती उंदरासारखा दिसतो! बहिणीचं काम आहे, सहाशेवर करतो."

पाठाच्या दिवशी संस्थेच्या हॉलमध्ये आधी फोटोची सीडी लावून बघितली आणि मशीन थिजलं. संस्थाचालक म्हणाले, "मॅडम, मशीन सो गया क्या? आपके बाद और तीन लोगां हैं."

मशीनला फोटो उघडताच येईना, तर लहान काय करणार? मेहुण्याला मी बाहेर घेतलं; बायकोही मागोमाग आली.

"प्रोजेक्टर आठशे बाय सहाशे ठिपक्यांचा. तुमचा फोटो अठ्ठेचाळीसशे बाय छत्तीसशे. एका ठिपक्याच्या जागी छत्तीस भरलेत. कागदाला ते लागतात, पडद्यावर दिसतसुद्धा नाहीत."

"मग आता?"

"प्रेसवर जा. शंभरवर करा, फ्लॉपीत मावेल."

त्याची स्कूटर निघाली आणि हिचं नाव पुकारलं. तिने मशीन बंद केलं, फळ्यावर चौकोन काढला आणि खडक बाजूला ठेवून हाच हिशोब शिकवायला घेतला: आधी पडद्याचे ठिपके विचारा, मग फोटोचे ठरवा.

चालकांनी मध्येच टोकलं, "छोटा किए तो फोटो फटेगा नहीं?"

"पडदे से छोटा किए तो फटेगा, सर. बराबर का नहीं."

ते घड्याळ बघत राहिले.

पाठ संपत आला तेव्हा मेहुणा घामाघूम होऊन आत शिरला. हिने मशीन पुन्हा चालू केलं, फ्लॉपी घरघरली. खडक एकदम उमटले, स्वच्छ.

चालक बाकीच्या उमेदवारांकडे वळले. "किसका फोटो बड़ा है, अभी बोलो."

दोघांनी हात वर केले; त्यांचे तीनशेवरचे, मशीनला उघडता येतील असे. बायको न सांगता मशीनवर बसली आणि त्यांचे फोटो लहान करू लागली. तिची निवड झाली की नाही, हे अजून कुणी बोललं नव्हतं. मेहुणा माझ्या कानाशी चरफडला, "वेडी आहे का ही?"

चालक तिच्या मागे उभे राहून बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "सोमवार से यहीच काम रोज करना पड़ेगा."