दहाच माणसांचा टेम्पो

लगनखेल ते रत्नपार्क या वाटेवर सुनकेसरी खड्काचा बॅटरीवरचा टेम्पो अकरा वर्षं धावला. तीन चाकं, मागे समोरासमोर दोन बाकडी, आणि धूर औषधालाही नाही. डिझेलवाले तिच्या गाडीला शिलाई मशीन म्हणून चिडवायचे. तुमची फुफ्फुसं शिवायलाच आणलंय, असं ती सुनावायची. तोंडाने ती कुणाला हार जायची नाही.

एक दिवस सरकारला जाग आली. बॅटरीच्या गाड्या या देशात चालतील का, यावर तीन वर्षांचं संशोधन मंजूर झालं. निकाल चांगला लागला तर बॅटऱ्यांवरची जकात कायमची माफ होणार होती. माफी नसेल तर बॅटऱ्यांचा नवा संच घेण्याची, टेम्पो चालवणाऱ्या एकाही बाईची ऐपत नव्हती. म्हणून वीस बायकांनी आपले टेम्पो प्रयोगाला दिले, त्यात सुनकेसरी पहिली.

नोंदींचे कागद घेऊन यायचा ऋषिराम ढकाल. सरकारी इंजिनियर, तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. सुनकेसरीला भाऊ नव्हता. पहिल्याच तिहारात, म्हणजे तिकडच्या दिवाळीत, भाऊबीजेला तिने त्याला पाटावर बसवलं, उंबऱ्यात अक्रोड फोडला, कपाळावर सात रंगांचा टिळा लावला आणि गळ्यात मखमली फुलांची माळ घातली. तेव्हापासून तो विचारल्यावाचून तिच्या स्वयंपाकघरात शिरायचा आणि तांदळाच्या पिठाची गोड, तळलेली सेलरोटी उचलायचा.

कागदावर रोज लिहायचं, किती किलोमीटर आणि किती माणसं. परवाना दहा माणसांचा. पण संध्याकाळी भाजीच्या करंडीसकट उभ्या असलेल्या बाईला 'उतर' म्हणणारी ड्रायव्हर त्या वाटेवर अजून जन्माला यायची होती. तेरा बसायची, दशैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, आधी पंधरासुद्धा. सुनकेसरीने खरं तेच लिहिलं. ते पाहून ऋषिरामने कपाळाला हात लावला.

"दीदी, तेरा लिहिलंस तर परवाना जाईल तुझा. दहाच लिही. खरं काय ते मला माहीत आहे ना? वर मी सांगेन."

मग तीन वर्षं तिने दहा लिहिलं. बाकीच्या एकोणीस जणींनाही तिनेच समजावलं. माझा भाई बसलाय तिथे, म्हणाली.

अहवाल मंत्रालयात सगळ्यांसमोर वाचला गेला. दहाच माणसं असूनही कुपंडोलच्या चढाला बॅटरी दम टाकते, दुपारच्या आत संच बदलावा लागतो, सबब या गाड्या देशाला परवडणाऱ्या नाहीत. जकातमाफी बंद, आणि लगनखेलच्या वाटेवर गॅसच्या मायक्रोबसना परवाने. सुनकेसरी उठून उभी राहिली. आम्ही तेरा-तेरा माणसं ओढत होतो, म्हणाली, विचारा यांना.

सचिवांनी ऋषिरामकडे पाहिलं. त्याने समोरचा कागद सरळ केला.

"नोंदीत दहा आहेत, साहेब. अक्षर त्यांचंच आहे."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्या कुणी केलं असतं तर तिने चारचौघांत त्याची सालटी काढली असती. पण हा तिच्या हातचं खाल्लेला माणूस होता. ती खाली बसली. त्याहून वाईट होतं त्या एकोणीस जणींचं वागणं. कुणी शिवी दिली नाही, भांडलं नाही. चार्जिंगच्या अड्ड्यावर नुसता तिच्यापुढे चहा यायचा बंद झाला.

तिहार आला, तसा ऋषिरामही आला, मिठाईचा पुडा घेऊन. नोकरीचा प्रश्न होता, म्हणाला. वरच्यांचं आधीच ठरलेलं होतं, मी बोललो असतो तरी काही झालं नसतं. सुनकेसरीने ऐकून घेतलं, पाट मांडला, अक्रोड फोडला. टिळ्याचं बोट मात्र त्याच्या कपाळापाशी थांबलं.

"एकदा तेरा म्हण," ती म्हणाली. "इथे सचिव नाहीत. मी आहे आणि हा दिवा आहे. म्हण, म्हणजे मी विसरले."

"जाऊ दे ना दीदी, आता सणाच्या दिवशी," तो म्हणाला आणि पाटाकडे बघत राहिला.

तिने टिळा लावला. कपाळ कोरं ठेवलं तर भावाला यम नेतो, आणि त्याचं मरण काही तिला नको होतं. माळ मात्र तिने घातली नाही. ती घेऊन अंगणात गेली आणि बॅटऱ्या काढून ठेवलेल्या टेम्पोच्या आरशाला बांधून आली. मग त्याच्या पानात दोन सेलरोट्या वाढल्या, पदराला हात पुसले आणि विचारलं,

"आणखी वाढू का तुम्हाला, साहेब?"