दोघांचं काम

बुधवारी वाळूच्या चढावर मुझनाच्या पिकअपने तिसऱ्यांदा मान टाकली. मागच्या टाकीतलं पाणी डुचमळून निम्मं सांडलं, आणि तिला पहिली आठवण झाली ती शुक्रवारची. शुक्रवारी हुमैद येणार होता.

हुमैद तिचा एकुलता एक मुलगा. बिदिया गावात नोकरीला, तिथेच पक्कं घर. दोन वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा त्याने आईला इथं वाळूत राहू दिलं, ते एका अटीवर. गाडी चालतेय तोवर तिने खुशाल राहावं. गाडी बंद पडली की शेळ्या विकायच्या आणि त्याच्याकडे यायचं. त्याचं काही चुकत नव्हतं. पाणी अकरा किलोमीटरवर होतं.

मुलाच्या घरी काही उणं नव्हतं. सून तर इतकी गुणी, की मुझनाला स्वतःची कपबशीसुद्धा विसळू द्यायची नाही. "आई, तुम्ही बसा." गेल्या ईदला मुझना सहा दिवस बसली. सातव्या दिवशी तिला आपल्या हातांकडे बघवेना.

ती चढ सोडून सपाटीच्या लांबच्या वाटेने, धक्के खात घरी आली. उन्हाळा होता. शेजारची दोन्ही बिऱ्हाडं खजूर उतरवायला बागांकडे गेली होती. त्यांच्या झाडांखाली चुलींचे दगड तेवढे उरले होते. मदतीला हाक मारावी तर कोणाला?

गाडीचं दुखणं तिला ठाऊक होतं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण हिवाळ्यात कुठेतरी पडलं, तेव्हापासून तिथे चिंधी कोंबलेली होती. चिंधीतून वाळू आत जाते आणि फिल्टरमध्ये बसते. मग सपाटीवर गाडी कशीबशी निभावते आणि चढ आला की तिला धाप लागते. नवरा, खल्फान, असता तर "टाकीला मुंडासं बांधलंस होय?" म्हणून आठवडाभर चिडवलं असतं त्याने.

नवा फिल्टर घरात होता. हलव्याच्या रिकाम्या डब्यात, तेलकट कागदात गुंडाळून खल्फाननेच ठेवलेला. अडचण निराळी होती. ते काम दोघांचं होतं. अठ्ठावीस वर्षं तो इंजिनाशी आणि ती आत, चावीवर. "अगं, बस जा गाडीत," तो म्हणायचा, "कोणीतरी चावीवर लागतं." त्यामुळे तिने ते काम कधी पाहिलंच नव्हतं. समोर बॉनेट उभं असायचं आणि पलीकडून नुसते आवाज यायचे.

गुरुवारी ऊन चढायच्या आत तिने बॉनेट उघडलं. बघणारं कोणी नव्हतं, म्हणून तोंडावरचा बुरखा काढून आरशाला अडकवला. मग त्या आवाजांच्या मागोमाग ती गेली. आधी स्क्रूचा करकर आवाज, दोनदा. म्हणजे नळ्यांच्या दोन क्लिपा. त्यानंतर तो फुंकायचा. तिने जुना फिल्टर काढला, पेट्रोल हातावरून थंडगार ओघळलं, आणि तोंड लावून फुंकून पाहिलं. गाल फुगले, पण हवा पलीकडे जाईना. उलटा करून झटकला तर चहासारखं पाणी आणि बारीक वाळू पडली.

नवा बसवताना तो दर वेळी स्वतःशीच पुटपुटायचा, "बाण इंजिनाकडे, बाण इंजिनाकडे." इतक्या वर्षांत तिला वाटायचं ही त्याची काही दुआ असावी. फिल्टरच्या अंगावर खरोखरच एक बाण होता. तिने तो इंजिनाकडे केला, नळ्या चढवल्या आणि क्लिपा मनगट दुखेस्तोवर आवळल्या.

मग ती आत जाऊन बसली. चावीला हात लावला आणि थांबली. पलीकडून "आता दे" येईपर्यंत चावी फिरवायची नसते. ते काही येत नव्हतं. बऱ्याच वेळाने तिनेच फिरवली. दहा मोजले, थांबली. पुन्हा दहा. तिसऱ्या खेपेला इंजिन खोकलं आणि चालू झालं.

ते चालूच ठेवून ती उतरली. नळ्यांवरून बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं होतं. गळतंय का हे असं आरामात येऊन बघता येत होतं.

ती तिथेच उभी राहिली. यात दुसऱ्या माणसाचं काम कुठे होतं? चावी फिरवायला त्याला आत येऊन परत जायला सात-आठ पावलं पडली असती. आणि ती मात्र चावीवर बसून दिवसभराचं सगळं सांगत राहायची: शेळी लंगडते, हुमैद अगदी माझ्या बहिणींवर गेलाय, पीठ संपलं. तो एरवी चार शब्दांचा माणूस, पण बॉनेटमागून हुंकार देत राहायचा. अर्ध्या तासाचं काम त्याला दुपारभर पुरायचं.

शुक्रवारी नमाज आटोपून हुमैद आला. खजूर, कॉफी झाली, इकडची-तिकडची खबर विचारून झाली. मग तो उठला आणि सरळ गाडीकडे गेला. बॉनेट उघडून म्हणाला, "फिल्टर नवा दिसतोय. कोणी बदलला?"

"मी."

"आणि चावीवर कोण होतं?"

त्यालाही लहानपणापासून तेच ठाऊक होतं. मुझनाने आपला पेला सावकाश भरला. "हरवलेली सांडणी शोधत एक जण आला होता. त्याला बसवलं."

"कोणत्या टोळीपैकी?"

"विचारलं नाही."

आल्यागेल्याची खबर न विचारणारी बाई या वाळूत सापडायची नाही. हुमैदने आईकडे एकदा पाहिलं. बॉनेट लावून गाडी चढावर नेली, परत आणली आणि बॉनेट पुन्हा उघडून नळ्या पाहिल्या. गाडीने एकदाही धाप टाकली नाही.

"बरं," तो म्हणाला. "थंडी संपेपर्यंत राहा. पण टाकीला झाकण आणतो मी, म्हणजे पुन्हा बदलायला नको."

"झाकण असलं तरी बदलावा लागतो," मुझना म्हणाली. "तुझे वडील सहा महिन्यांनी बदलायचेच. तू ये तेव्हा. एकट्याने होत नाही ते."

"येईन," तो म्हणाला.

त्याची गाडी उंचवट्याआड गेली तेव्हा शेळ्या पाण्यासाठी ओरडत होत्या. तरी मुझना आधी पिकअपमध्ये जाऊन बसली. हुमैद बॉनेट लावायचं विसरला होता. पलीकडचं काही दिसत नव्हतं.