पलंगाखाली सोडलेला हात

"तुमच्या बहिणीला घेऊन जा, ताई. माझ्याच्याने नाही होत आता," असा सुधीररावांचा फोन आला आणि मी नाशिकहून तणतणतच निघाले. सुधीरराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, लताचे यजमान. गेल्या पावसाळ्यात बदलापूरच्या मांजर्लीत त्यांच्या तळमजल्यावर नदीचं पाणी शिरलं. तेव्हापासून लताला धड झोप नाही. आणि हे म्हणतात, नाटकं करते!

कल्याणहून उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनला आले. जीन्स शिवणाऱ्या मशिनांच्या खडखडाटात उभ्यानेच दाल-पकवान (चण्याची डाळ आणि कडक पुरी) खाल्लं. चव फक्कड होती, पण कौतुक करायच्या मूडमध्ये मी नव्हते. त्यात शेअर रिक्षावाल्याने बदलापूर सांगून अंबरनाथलाच उतरवलं.

"इधर से दुसरी पकडो ना, मावशी."

"मावशी कुणाला म्हणतोस रे? बदलापूर बोलला होतास ना!"

तो पसारही झाला. दुसऱ्याने मांजर्ली ऐकताच विचारलं, "ते पाणी भरतं तिकडे?"

म्हणजे रिक्षावाल्यालाही ठाऊक! बिल्डरने मात्र 'नदीकाठचं घर' म्हणून गळ्यात मारलं. मेल्याला त्याच तळमजल्यावर राहायला ठेवलं पाहिजे.

घरात शिरले. मिक्सर कपाटावर, डबे माळ्यावर, पलंग विटांवर. सगळं वर चढवलेलं, आणि लताचे खांदेही कानांपर्यंत चढलेले.

"बॅग भर," मी म्हणाले.

"नाही येणार. माझं घर आहे हे."

म्हटलं, निदान हिला झोपवू तरी. माझी छाती धडधडायची तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी एक व्यायाम शिकवला होता. शरीराचा एकेक भाग घट्ट आवळायचा, जरा थांबायचं, मग सैल सोडायचा. जेवणानंतर लताला आडवं केलं. पाय सुटले, पोट सुटलं, खांदेही खाली आले. उजवा हात मात्र पलंगाखाली लोंबत होता, बोटं फरशीला टेकलेली.

"तो हात वर घे गं."

"नको. पाणी आलं तर कळायला हवं ना."

मला रडूच कोसळलं. फरशीवर बसले आणि तळहात टेकवला. "हा बघ, माझा हात आहे खाली. तुझा घे वर."

तिने मूठ आवळली, सोडली, हात छातीवर घेतला. थोड्या वेळाने चक्क घोरायला लागली.

संध्याकाळी सुधीरराव आले तेव्हाही मी तिथेच होते. कंबर पार मोडली होती.

"आत्ता झोपली? मग रात्री जागणार!"

"हळू बोला," मी दातओठ खात म्हणाले. "इतके महिने ही एकटी तुमच्या झोपेची राखण करतेय, आणि तुम्ही हिलाच घराबाहेर काढताय? या, बसा इथे. टेकवा हात."

बसले, आणि तळहात फरशीला टेकवला.

मी एकटीच परतले. लताचा फोन आला, "रात्री झोपले गं, ताई."

"आणि हात?"

"ह्यांचा होता खाली."

फोन ठेवून मीही आडवी झाले. पाय सुटले, खांदे सुटले. जबडा काही सुटेना. राहू दे. पावसाळा तोंडावर आलाय, आणि बिल्डरकडे जायचंय अजून.